आठ बाइट, दोन नावं

सकाळी ६.४०

काल संध्याकाळी आईने नातवाला वाण्याकडे पाठवलं होतं. "अर्धा किलो रवा आण," एवढंच सांगून. वाण्याने समोरच्या डब्यातला दिला, बारीक. आज सकाळी उपम्याची खळ झाली. आई म्हणाली, "जाडा की बारीक ते विचारायचं नाही का रे?" पोरगं म्हणालं, "आजी, तू सांगितलंस कुठे?" दोघांचंही बरोबर होतं. मी लिंबू पिळून मुकाट्याने खाल्लं. आज घरून काम, तेवढाच सिंहगड रस्त्याचा एक तास वाचला.

सकाळी ८.३०

मी नक्की काय करतो हे आईला वीस वर्षांत सांगता आलेलं नाही. ती शेजारी सांगते, "तो कंप्युटरची हत्यारं दुरुस्त करतो." याहून चांगलं मलाही सुचलेलं नाही. मोठ्या संस्थांना दर सहा महिन्यांनी सगळं बदललेलं नको असतं. त्या एखादी जुनी, मुरलेली प्रणाली धरून बसतात आणि तिच्यातला कंपायलर, डिबगर, लिंकर आमच्यासारख्यांनी सांभाळावा अशी अपेक्षा ठेवतात. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या शाखेत आणून बसवणं, हा आमचा धंदा. याला आम्ही बॅकपोर्ट म्हणतो. जुन्या वाड्याची तुळई न हलवता नळ बदलायचा, तसलं काम.

जीडीबी हा डिबगर १९८६ साली आला, जीसीसी हा कंपायलर १९८७ साली. दोन्ही रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या ग्नू प्रकल्पातले, म्हणजे सख्खी भावंडं. पण जवळजवळ तीन दशकं या भावंडांचं बोलणं फक्त चिठ्ठ्यांवर चालायचं. कंपायलर प्रोग्रॅम तयार करताना त्याच फायलीत डिबगरसाठी टिपणं लिहून ठेवायचा: हा व्हेरिएबल इथे आहे, त्याचा प्रकार असा, ही ओळ त्या सूचनेशी जुळते. या टिपणांच्या लिपीला ड्वार्फ म्हणतात. कंपायलर लिहून मोकळा व्हायचा, डिबगर नंतर कधीतरी वाचायचा. समोरासमोर गाठ नाही.

ती पडली २०१५ मध्ये. फेब्रुवारीत जीडीबी ७.९ आणि एप्रिलमध्ये जीसीसी ५ बाहेर पडले, आणि जीडीबीत ‘कंपाइल’ नावाची आज्ञा आली. थांबवलेल्या प्रोग्रॅममध्ये चार ओळींचं सी लिहायचं. जीडीबी ते जीसीसीकडून तिथल्या तिथे कंपाइल करून घेतो आणि चालू प्रोग्रॅमच्या पोटात घालून पळवतो. त्यासाठी दोघांमध्ये पहिल्यांदाच फोनची तार ओढली गेली. आज माझ्या पाटावर आहे ती तार.

सकाळी ९.१५

तक्रार तीन ओळींची आहे. प्रोग्रॅममध्ये ‘लाँग लाँग’ प्रकारचा एक ग्लोबल काउंटर आहे. इंजिनिअर प्रोग्रॅम थांबवतो, ‘कंपाइल कोड’ म्हणतो आणि ‘लाँग लाँग’चा पॉइंटर घेऊन त्यात त्या काउंटरचा पत्ता ठेवू पाहतो. कंपायलर म्हणतो: चूक. डावीकडे ‘लाँग लाँग’चा पॉइंटर, उजवीकडे ‘लाँग’चा. जुळत नाही.

शेवटची ओळ सगळ्या तक्रारींत असते तीच: "आधी चालत होतं."

मी करून पाहतो. खरंच, चूक येते. काउंटरचा प्रकार विचारला तर जीडीबी बिनदिक्कत ‘लाँग लाँग इंट’ सांगतो. म्हणजे त्याला ठाऊक आहे. ठाऊक असलेली गोष्ट तारेच्या पलीकडे पोचेपर्यंत बदलते आहे.

"आधी चालत होतं" याचाही उलगडा लगेच होतो. त्यांनी कंपायलर बदलून जीसीसी १४ घेतला आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून न जुळणाऱ्या पॉइंटरची देवघेव ही सी भाषेत मुळातच चूक धरली जाते. त्याआधी नुसती ताकीद मिळायची. ताकीद कोण वाचतो? चूक आधीही होतीच. कंपायलर शिस्तीचा झाला आणि ती दिसायला लागली.

सकाळी १०.३०

आता तारेवरून चालत जायचं. हा माझा आवडता तास. चहाचा दुसरा कप आणि जुना कोड.

जीडीबीच्या रोजच्या ‘प्रिंट’ आज्ञेला कंपायलर लागत नाही. साधी गणितं, पॉइंटर, फंक्शनला हाक मारणं, एवढं वाचायला त्याचा स्वतःचा पार्सर पुरतो. फॉर-लूप दिला की तो हात वर करतो. म्हणून ‘कंपाइल’ आज्ञा खऱ्या कंपायलरकडे जाते.

पण जीसीसी ही काही दुसऱ्याच्या घरात राहायला जाण्याजोगी लायब्ररी नाही. त्याचा पसारा स्वतंत्र प्रोग्रॅमचा आहे, ग्लोबल व्हेरिएबलांनी भरलेला. त्याला जीडीबीच्या आत कोंबलं आणि तो कोसळला, तर तपास चाललेलं सत्रही सोबत जाईल. त्यामुळे मध्ये ‘लिबसीसी१’ नावाचा मध्यस्थ ठेवला आहे. जीडीबी ही छोटी लायब्ररी चालू असतानाच उघडतो आणि तिच्यातल्या एकाच फंक्शनला हाक मारतो. लिबसीसी१ शोधाशोध करून कंपायलर वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करते, त्याला एक प्लगइन जोडते आणि दोघांमध्ये सॉकेटची जोडी टाकते. एक टोक इकडे, एक तिकडे. मग दोन्हीकडून प्रश्नोत्तरं सुरू होतात.

‘दोन्हीकडून’ हा शब्द महत्त्वाचा. जीडीबी आपला कोड एका फंक्शनात गुंडाळून पाठवतो. कंपायलर तो वाचत जातो आणि ‘काउंटर’ या नावापाशी अडतो, कारण त्याने ते कधी पाहिलेलं नाही. एरवी तो तिथेच चूक सांगून थांबला असता. इथे तो थांबून जीडीबीला विचारतो: हे नाव तुझ्याकडे आहे का? या विचारण्याला कोडमध्ये ‘ओरॅकल’ असं नाव दिलं आहे. कोकणात देवाला कौल लावतात, तसंच ते आहे. गुरव प्रश्न घालतो, देव उजवा किंवा डावा कौल देतो, काम पुढे सरकतं. इथे कंपायलर गुरव आणि डिबगर देव, एरवीच्या रुबाबाच्या अगदी उलट.

कौल द्यायचा तर जीडीबीला काउंटरचा प्रकार कंपायलरच्या घरात बांधून द्यावा लागतो. ड्वार्फच्या टिपणात मूळ प्रकाराबद्दल तीन गोष्टी असतात: नाव, मांडणी आणि माप. ‘लाँग लाँग इंट’, चिन्हासहित, आठ बाइट. २०१५ च्या इंटरफेसमध्ये पूर्णांक मागवायचं जे फंक्शन होतं, त्याला फक्त दोन रकाने होते: चिन्ह आहे की नाही, आणि किती बाइट. नाव जीडीबीच्या हातात होतं, पण अर्जावर त्याला रकानाच नव्हता.

पलीकडे प्लगइन हा अर्ज जीसीसीच्या एका जुन्या फंक्शनला देतो. ते मापावरून प्रकार शोधतं. आधी ‘इंट’ जुळतो का बघतं, मग एक बाइटचा, मग ‘शॉर्ट’, मग ‘लाँग’, मग ‘लाँग लाँग’. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ही आठ बाइट आणि ‘लाँग लाँग’ही आठ बाइट. ‘लाँग’ आधी भेटतो. तोच उचलून दिला जातो. सी भाषेच्या नियमानुसार माप एक असलं तरी हे दोन वेगळे प्रकार आहेत.

अर्धा किलो रवा. समोरच्या डब्यातला.

सकाळी ११.४५

हे दुखणं जुनं आहे आणि त्याचं औषधही. जीसीसीने २०१७ च्या सातव्या आवृत्तीत इंटरफेसमध्ये नावाचा रकाना वाढवला. तेव्हा सी++ भाषेला ही सोय द्यायचं चाललं होतं. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं असतात आणि प्रकार पाहून त्यांतलं एक निवडलं जातं. तिथे ‘लाँग’ आणि ‘लाँग लाँग’ची गल्लत झाली तर भलतंच फंक्शन पळेल. जीडीबीत सी++ची सोय २०१९ च्या ८.३ मध्ये आली, तीही प्रायोगिक म्हणून. आमच्या शाखेतला जीडीबी त्याआधीचा. तो नव्या कंपायलरशीही जुन्याच दोन रकान्यांच्या अर्जावर बोलतो. मला जीडीबीकडची बाजू आणायची आहे.

शेजारच्या कोपऱ्यात आणखी एक गंमत आहे. सी भाषेत अक्षराचे प्रकार तीन: साधा ‘कॅर’, चिन्हाचा ‘कॅर’ आणि बिनचिन्हाचा ‘कॅर’. (आमच्यात निम्मे जण त्याला ‘चार’ म्हणतात, तो वाद वेगळा.) साधा ‘कॅर’ इंटेलच्या यंत्रावर चिन्हाचा असतो, एआरएमच्या लिनक्सवर बिनचिन्हाचा, पण तो कुठेही त्या दोघांपैकी एक होत नाही, तिसराच राहतो. चिन्ह आणि माप एवढे दोनच रकाने असतील तर हा तिसरा मागवायची सोयच नाही. म्हणून नव्या इंटरफेसमध्ये त्याच्यासाठी एक स्वतंत्र फंक्शन आलं, एकही रकाना नसलेलं. हाक मारा, साधा ‘कॅर’ घ्या. आणि मुळात हा साधा आहे हे जीडीबी कसं ओळखतो? टिपणात नाव अक्षरशः ‘कॅर’ लिहिलं आहे का, एवढंच बघून.

दुपारी १२.१५

आता हात घालायचा. पहिला नियम: असलेली ओळ हलवायची नाही.

इंटरफेस म्हणजे प्रत्यक्षात एक तक्ता असतो. पहिल्या खान्यात आवृत्तीचा आकडा, पुढच्या खान्यांत ओळीने फंक्शनांचे पत्ते. जीडीबी कंपाइल होतो तेव्हा ‘पूर्णांकाचं फंक्शन म्हणजे अमुक क्रमांकाचा खाना’ हे त्याच्यात कायमचं कोरलं जातं. खान्यावर नाव लिहिलेलं नसतं, जागा हीच ओळख. मधला एक खाना काढला की खालचे सगळे एक घर वर सरकतील, आणि ‘फ्लोट’ मागवणाऱ्याच्या हाती ‘व्हॉइड’ पडेल. तेही कसली चूक न दिसता.

म्हणून ज्यांनी बदल केला त्यांनी जुनं फंक्शन होतं त्याच खान्यात ठेवलं, फक्त त्याच्या नावापुढे ‘व्ही०’ अशी शेपटी लावली. नवं, तीन रकान्यांचं फंक्शन यादीच्या तळाशी गेलं. ‘कॅर’ तळाशी, ‘फ्लोट’चं नवं रूपही तळाशी. पहिल्या खान्यातला आकडा ० चा १ झाला. जुन्या जीडीबीला काही कळलंच नाही. तो त्याच क्रमांकाचा खाना उघडतो आणि तेच जुनं फंक्शन मिळवतो.

ही यादी एकाच फायलीत असते आणि ती ठिकठिकाणी वेगवेगळ्या अर्थाने वाचली जाते: एकदा तक्त्याचे खाने पाडायला, एकदा लिबसीसी१ मध्ये प्रश्न पाठवणारी फंक्शनं घडवायला, एकदा प्लगइनमध्ये ते झेलणारी. प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलं असतं तर कधी ना कधी एक ओळ कुठेतरी राहिली असती. ही फाइल दोन्ही प्रकल्पांच्या घरात आहे, पण सातबारा जीसीसीच्या नावावर. जीडीबीने तिची नक्कल ठेवायची, खाडाखोड करायची नाही. मीही नक्कलच आणतो, जशीच्या तशी.

जीडीबीतला खरा बदल दहा-बारा ओळींचा. पूर्णांकाचा प्रकार रूपांतरित करणाऱ्या फंक्शनमध्ये आधी विचारायचं: तक्त्याची आवृत्ती किमान १ आहे का? असेल तर, साधा ‘कॅर’ असल्यास ‘कॅर’ला हाक, नाहीतर चिन्ह, माप आणि नाव, तिन्ही. नसेल तर निमूट ‘व्ही०’.

टाइप करायला वीस मिनिटं. वाचायला दोन तास गेले होते. या धंद्यात हे प्रमाण असंच.

दुपारी १.२०

पोळी, भेंडीची भाजी, आमटी, ताक. आईने सकाळचा रवा डब्यात भरून वर कागद चिकटवला आहे: ‘बारीक’. मुलाला दाखवून चिकटवला असावा.

दुपारी २.००

बिल्ड आणि चाचण्या. चाचण्यांचा सांगाडा डेजाग्नू, टीसीएल भाषेतला. जीडीबी सुरू करतो, त्याच्याशी टाइप करून बोलतो आणि उत्तरं जुळवून बघतो.

मी एक नवी चाचणी लिहितो. प्रकार खरोखर कोणता आहे हे कंपायलरकडूनच वदवून घ्यायला सी११ मधलं ‘_जेनेरिक’ कामाला येतं. काउंटरचा पत्ता द्यायचा आणि म्हणायचं: ‘लाँग’चा पॉइंटर असेल तर १, ‘लाँग लाँग’चा असेल तर २. जुन्या वाटेने १ यायला हवा, नव्या वाटेने २. तसंच ‘कॅर’साठी.

२.३५ ला निकाल येतो. नापास शून्य. खुर्चीत मागे रेलतो. मग खालची ओळ वाचतो. ‘न तपासलेल्या’ चाचण्यांचा आकडा नको तेवढा मोठा आहे.

लिबसीसी१ सापडलीच नव्हती. आणि ती सापडली नाही की या गटातल्या चाचण्या नापास होत नाहीत, त्या परीक्षेलाच बसत नाहीत. कारण तसं योग्यच आहे. ज्याच्या यंत्रावर ती लायब्ररी नाही त्याला उगाच नापास का करायचं? पण माझ्या पडद्यावरचा तो शून्य रिकाम्या वर्गाचा होता. मास्तरांनी शंभर टक्के निकाल लावला होता, कारण बाकावर कोणी नव्हतंच.

दुपारी ३.१५

लायब्ररीचा रस्ता दाखवल्यावर वर्ग भरला, आणि सगळेच्या सगळे नापास. कंपायलर पहिल्या वाक्यालाच गचकतो. संदेश सांगतो की हस्तांदोलनात अनोळखी आवृत्ती आली.

सॉकेट जोडल्यावर लिबसीसी१ सगळ्यात आधी प्लगइनला ‘एच’ हे अक्षर आणि आवृत्तीचा आकडा पाठवते, प्लगइन तो ताडून बघतो, म्हणजे हस्तांदोलन. हे दोघं एकाच जीसीसीच्या खोक्यातून येतात, तेव्हा त्यांचे आकडे जुळायलाच हवेत. न जुळायचं कारण एकच: ते एका खोक्यातले नाहीत.

जीडीबीत ‘कंपाइल’च्या तपासाचा दिवा लावतो आणि तो कोणता कंपायलर शोधतो ते बघतो. लिबसीसी१ मी जीसीसी १४ ची दिली आहे. पण कंपायलरचा माग ती पाथवरून, नावाचा साचा जुळवत काढते. माझ्या पाथवर आधी कुठल्यातरी जुन्या प्रयोगासाठी बसवलेला जीसीसी ६ बसला आहे. एक टोक चौदाचं, दुसरं सहाचं. चूक माझी, दोन वर्षांपूर्वीची. पाथ नीट करतो.

३.५० ला पुन्हा निकाल. काउंटर: २. ‘कॅर’: साधा. तक्रारीतल्या ओळी चालतात, काउंटर शून्यावर येतो, प्रोग्रॅम पुढे पळतो. या वेळी न तपासलेल्यांचा आकडा आधी बघतो, मग चहा ठेवतो.

दुपारी ४.३०

टीममध्ये तीन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी पॅच वाचायला घेते. व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे हडपसरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे.

"सर, ‘व्ही०’ चुकीचं उत्तर देतं हे आपल्याला माहीत आहे. मग ते काढून का नाही टाकायचं?"

"कोणाच्या घरातून काढायचं?"

ती थांबते. मी सांगतो. जीसीसीने खाना काढला तर बाहेर असलेले सगळे जुने जीडीबी बिघडतील. आपण जीडीबीतून ‘व्ही०’ची हाक काढली तर जीसीसी ५ आणि ६ वापरणारे आपले ग्राहक बाहेर पडतील. दोघांच्या प्रकाशनाची वेळापत्रकं वेगळी, बसवणारी माणसं वेगळी. कुणाकडे कोणती जोडी आहे हे आपल्या हातात नाही.

"एलएलडीबीत असं नाही ना?"

चांगला प्रश्न. एलएलडीबी हा एलएलव्हीएमचा डिबगर. तो क्लँग कंपायलर लायब्ररी म्हणून स्वतःच्या आतच घेऊन फिरतो. दोघं एकाच भांडारात राहतात, एकत्र प्रकाशित होतात. क्लँगमध्ये आतलं काही बदललं तर त्याच बदलात एलएलडीबीही दुरुस्त करता येतो. एकत्र कुटुंब आहे, भिंतीच नाहीत, मग दाराला कडी कशाला? आपल्याकडे भावंडांनी वेगळी घरं केली आहेत. वेगळ्या घरांचे फायदे असतात, पण मग शब्द पाळावा लागतो.

"म्हणजे चुकीचं फंक्शन कायमचं ठेवायचं."

"त्याच्या नावात शून्य लिहून ठेवायचं. वाचणाऱ्याला कळतं."

तिला हे फारसं पटलेलं नाही. तिच्या वयात मलाही नसतं पटलं.

संध्याकाळी ५.४५

नव्या कंपायलरवर चालतं हे अर्धंच काम. आता मुद्दाम जीसीसी ६, लिबसीसी१ सकट.

आधी बरोबर कोड: तक्त्याचा पहिला खाना ० सांगतो, जीडीबी ‘व्ही०’ने जातो, ‘_जेनेरिक’ १ म्हणतो. उत्तर चूक, पण तेच जुनं, ओळखीचं. ताकीद येते, काम होतं.

मग आवृत्तीची ती एक ‘जर’ काढून टाकतो आणि पुन्हा चालवतो. जुन्या लिबसीसी१ चा तक्ता जिथे संपतो, त्याच्या पुढचा खाना जीडीबी उघडतो. तिथे फंक्शन नाही. त्यापुढे स्मृतीत जे काही पडलं असेल ते पत्ता समजून जीडीबी तिथे उडी मारतो. कंपायलर बिचारा वेगळ्या प्रोसेसमध्ये सुखरूप, आणि कोसळतो तो डिबगर. ग्राहकाचा प्रोग्रॅम थांबलेल्या अवस्थेत, तासाभराचा तपास हवेत.

हा प्रयोग मी प्रत्येक वेळी करतो. ‘जर’ आहे म्हणून ती कामाची आहे असं होत नाही. काढल्यावर घर पडलं तरच तो खांब. ‘जर’ परत घालतो. नवीन मुलीला क्रॅशचा मागोवा पाठवतो, सोबत काही न लिहिता. दहा मिनिटांनी उत्तर येतं: "ओके सर. कळलं."

संध्याकाळी ७.३०

युरोपातल्या सहकाऱ्याची दुपार, माझी दिवेलागण. तो फार बोलत नाही, पॅच शांतपणे वाचतो. दोन टिपणं करतो. पहिलं: एके ठिकाणी टॅबऐवजी मोकळ्या जागा आहेत. असतील.

दुसरं मला गप्प करतं. "तू नाव जसंच्या तसं पाठवतोस. प्रोग्रॅम जीसीसीने बांधलेला नसेल तर?"

ड्वार्फमधलं नाव लिहितो तो कंपायलर. जीसीसी लिहितो ‘लाँग लाँग इंट’. क्लँग त्याच प्रकाराला लिहितो ‘लाँग लाँग’, पुढचा ‘इंट’ गाळून. सी भाषेला दोन्ही सारखेच. पण प्लगइन हे नाव भाषेच्या नियमाने समजून घेत नाही. जीसीसीच्या अंगभूत नावांच्या यादीत ते अक्षरशः शोधतो. क्लँगने बांधलेला प्रोग्रॅम, जीडीबीतून तपास आणि मध्ये जीसीसी. अशी त्रिकुटं बाहेर आहेत, आणि नाव यादीत न सापडण्यापेक्षा ‘व्ही०’चं ओळखीचं चुकीचं उत्तर परवडलं, असंही कुणी म्हणेल.

जेवताना हे डोक्यात घोळत असतं. इंदूरच्या वहिनी आल्या आहेत. स्वयंपाकघरात डब्यावरचा आईचा कागद वाचून त्या विचारतात, "ही बारीक सूजी का?" आई म्हणते, "रवा." वहिनी म्हणतात, "तेच ते." दोघी हसतात आणि काम पुढे सरकतं. माणसांना दोन नावांखालची एक वस्तू ओळखता येते. जीसीसीच्या यादीला नाही येत.

रात्री १०.१०

कमिटचा मजकूर लिहितो. हा भाग घाईत करू नये असं मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं. पाच वर्षांनी कुणीतरी इथे येईल, बहुधा मीच, आणि त्याला कोड दिसेल. कारण दिसणार नाही.

लिहितो: काय बिघडलं होतं. का बिघडलं होतं. ‘व्ही०’ का ठेवलं आहे, आणि आवृत्ती बघितल्याशिवाय नव्या खान्यांना हात का लावायचा नाही. कोणत्या जोड्यांवर तपासलं: जीसीसी ६ आणि १४. कोणत्यांवर नाही: क्लँगने बांधलेले प्रोग्रॅम. ही शेवटची ओळ लिहायला जरा जड जाते, पण ती नसेल तर दुपारचा रिकामा वर्ग मीच पुन्हा भरवल्यासारखं होईल.

बदल पाठवत नाही. आधी उद्या सकाळी क्लँगने तो काउंटर बांधून बघायचा. नाव सापडलं तर बरंच. नाही सापडलं तर नाव पाठवण्याआधी जीडीबीतच ते जीसीसीच्या बोलीत फिरवून घ्यायचं, की सरळ मापावर परत यायचं, हे ठरवावं लागेल.

दिवसभराचा हिशेब: जीडीबीत बदललेल्या ओळी अकरा, काढलेली एकही नाही.